खारा वारा आणि स्टीलची शेगडी

स्टेनलेस स्टीलची शेगडी साफ कशी राखावी, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय. तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटेल. ज्या धातूचें नांवच मुळीं 'डाग न पडणारा' असें आहे, त्यावरील डागांची चर्चा करण्याचें प्रयोजन काय, असें कोणीही विचारील. परंतु उलव्यासारख्या खाडीकांठच्या वस्तींत राहून ज्यांनीं हौसेनें अशी शेगडी घेतली, आणि एका पावसाळ्यानंतर तिच्या झांकणावर चहाच्या रंगाचे ओघळ व स्क्रूंच्या भोंवतीं तांबूस कडीं पाहिलीं, त्यांना हाच प्रश्न निराळ्या स्वरांत पडतो. 'दुकानदारानें फसविलें,' असें ते म्हणतात. क्वचित् तसेंही घडत असेल; पण बहुतेक वेळां दोष दुकानदाराचा नसतो आणि शेगडीचाही नसतो. 'स्टेनलेस' या शब्दाचा आपण जो अर्थ करून घेतों, त्या अर्थाचा तो दोष असतो. म्हणून हा धातु कशाच्या बळावर टिकतो हें प्रथम सांगून मग त्याच्या निगेकडे वळावयाचें आहे. कारण कळलें म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहींत.

आधीं एका शब्दाचा घोळ दूर करूं. आपल्याकडे 'ग्रिल' म्हटलें कीं खिडकीला बसविलेली लोखंडी जाळी डोळ्यांपुढें येते. मला अभिप्रेत असलेलें ग्रिल म्हणजे उघड्या हवेंत मासे, कोंबडी, कणसें, पनीर किंवा भाज्या भाजण्याची झांकणाची शेगडी. तिच्यांत खालीं कोळशाचे निखारे अथवा गॅसचे बर्नर, त्यांवर जाळी, जाळीखालीं गळणारी चरबी व तेल धरणारी तबकडी, आणि सर्वांवर झांकण अशी रचना असते. आपल्याला जुना व सोयीचा 'शेगडी' हा शब्द असतांना तोच वापरणें बरें.

आतां उलव्याकडे वळूं. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांतील हें ठिकाण. उत्तरेस पनवेलची खाडी, पश्चिमेस मुंबई बंदराचें पाणी. सिडकोनें नवी मुंबईचा एक विभाग म्हणून तें वसविण्यास घेतलें आणि गेल्या कांहीं वर्षांत त्याचें रूप पालटून गेलें. नोव्हेंबर २०१८ मध्यें बामणडोंगरी व खारकोपर या स्थानकांपर्यंत लोकलगाडी आली. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून समुद्र ओलांडून या बाजूस येणाऱ्या सुमारें २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें उद्घाटन झालें. ज्या विमानतळासाठीं उलव्याची टेकडी कापावी लागली व उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, त्याचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. जेथें भाताचीं खाचरें व कोळ्यांच्या होड्या हेंच मुख्य दृश्य होतें, तेथें आज उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या गच्चीवर रविवारीं संध्याकाळीं कोणी ना कोणी शेगडी पेटवितो.

या भागांतील माणसाला बाहेर भाजून खाणें मुळींच नवें नाहीं. थंडींत वालाच्या शेंगा भरल्या कीं रायगड जिल्ह्यांत पोपटी लागते. मातीच्या मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घालावयाचा, त्यावर ओंवा व जाडें मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडीं, कोंबडी असें रचावयाचें, तोंड पाल्यानेंच बंद करून मडकें उपडें ठेवावयाचें आणि भोंवतीं काटक्या व पेंढा पेटवावयाचा. अर्ध्या तासांत मेजवानी तयार. या रीतींत धातूचा संबंधच येत नाहीं. मडकें फुटलें तर फुटलें. त्याला गंज चढत नाहीं आणि त्याची किंमत ती काय! स्टीलच्या शेगडीची गोष्ट वेगळी. तिला हजारों रुपये पडतात, ती वर्षानुवर्षे टिकावी अशी अपेक्षा असते, आणि पोपटीच्या मडक्याप्रमाणें काम झाल्यावर तिला विसरून चालत नाहीं.

साधें लोखंड ओल्या हवेंत राहिलें म्हणजे पाणी व हवेंतील प्राणवायु यांच्याशीं संयोग पावून त्याचा गंज बनतो. हा गंज भुसभुशीत असल्यामुळें त्याच्या आड दडलेल्या लोखंडाचें रक्षण करीत नाहीं. उलट पाणी धरून ठेवतो व आंतील थराला खाऊं लागतो. परंतु लोखंडांत शेंकडा सुमारें साडेदहा किंवा त्याहून अधिक क्रोमियम मिसळलें म्हणजे चमत्कार वाटावा असा फरक पडतो. पृष्ठभागावरील क्रोमियम प्राणवायूशीं संयोग पावून एक घट्ट, पारदर्शक पापुद्रा तयार करतें. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले तर त्यांतील दोनतीन भागांएवढीच त्याची जाडी. डोळ्यांना तो दिसत नाहीं, बोटांना लागत नाहीं. पण सारें रक्षण तोच करतो.

पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याची चाल आपल्या परिचयाची आहे. भाता, नवसागर व कथील घेऊन कल्हईवाला दारीं येई आणि भांड्याला आंतून चकचकीत थर देई. तो थर झिजला कीं पुन्हां त्याची वाट पाहावी लागे. स्टेनलेस स्टील आपली कल्हई आपणच लावून घेतें. तिच्यावर ओरखडा उठला तर उघड्या पडलेल्या क्रोमियमला हवा लागते व पापुद्रा आपोआप पुन्हां जुळतो. मात्र याला दोन अटी आहेत. पृष्ठभाग स्वच्छ असला पाहिजे, आणि त्याला हवा लागली पाहिजे. चरबीच्या थराखालीं, ओल्या राखेखालीं, मिठाच्या खारट ओलाव्याखालीं ही दुरुस्ती होत नाहीं. शेगडीची निगा म्हणून जें जें करावयाचें, तें सारें या दोन अटी पाळण्यासाठीं आहे.

या धातूच्या जन्माची कथाही येथें उपयोगी पडेल. १९१२ सालीं जर्मनींतील क्रुप कारखान्यांत श्ट्राउस व माउरर यांनीं क्रोमियम व निकेल घातलेल्या पोलादाचें पेटंट मिळविण्याची खटपट केली. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून निरनिराळीं पोलादें करून पाहत असतां, शेंकडा सुमारें १३ क्रोमियमचें पोलाद सहजासहजीं गंजत नाहीं असें त्यांना आढळलें. शेफील्ड हें सुऱ्याकात्र्यांचें गांव. तेथील अर्नेस्ट स्ट्युअर्ट या कारागीर व्यवस्थापकानें नव्या पोलादाच्या सुऱ्या करून व्हिनेगरनें पारखल्या आणि त्यावर डाग पडेना म्हणून त्यास 'स्टेनलेस' हें नांव दिलें. म्हणजे हें नांव जेवणाच्या टेबलावर पडलें आहे, समुद्राच्या कांठीं नव्हे. आंबट पदार्थाच्या डागापासून सुरी वांचेल, एवढेंच तें सांगत होतें. खाऱ्या वाऱ्याचें वचन त्यानें कोणालाही दिलें नव्हतें.

खाऱ्या वाऱ्यांत काय होतें तें आतां पाहूं. मीठ म्हणजे सोडियम व क्लोरीन यांचा संयोग. यांतील क्लोराइडचा अंश हाच त्या पापुद्र्याचा हाडवैरी. तो पापुद्र्याला एखाद्या ठिकाणीं भेदतो व तेथें सुईच्या टोकाएवढें छिद्र पाडतो. एकदां छिद्र पडलें कीं त्याच्या आंतील पाणी आम्ल बनतें, बाहेरील प्राणवायु आंत पोंचत नाहीं, आणि छिद्र खोल होत जातें. वरून पाहिलें तर केवळ एक तांबूस ठिपका दिसतो. याहून सौम्य प्रकार म्हणजे पृष्ठभागावर पसरणारा चहाच्या रंगाचा डाग. समुद्रकांठच्या स्टीलवर हाच अधिक आढळतो. त्यानें शेगडी दुबळी होत नाहीं. पण येथें मीठ सांचत आहे अशी ती सूचना असते, आणि ती वेळींच ऐकावी हें बरें.

मीठ सुकें असेल तोंवर फारसें नुकसान करीत नाहीं; तें ओलें झालें म्हणजे कामाला लागतें. पावसाळ्यांत मिठाच्या बरणींत पाणी सुटतें हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. हवेची आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं शुद्ध मीठ हवेंतील बाष्प ओढून घेऊन विरघळूं लागतें. समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियमचे क्षारही असतात व ते त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेंतही ओल धरतात. बरणींत जें घडतें तेंच शेगडीच्या झांकणावर घडतें. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे कण येऊन बसतात, आणि पाऊस पडला नाहीं तरी दमट रात्रीं ते ओले होतात.

येथें एक गोष्ट सांगतों ती अनुभवाच्या उलट वाटेल. शेगडीचा जो भाग उघड्या पावसांत भिजतो तो पुष्कळदां चांगला राहतो, आणि छपराखालीं जपून ठेवलेला भाग डागाळतो. कारण उघड आहे. पाऊस मीठ धुऊन नेतो; छपराखालीं वारा मीठ आणून ठेवतो, पण पाणी तें नेत नाहीं. म्हणूनच झांकणाची आंतली कड, फळीची खालची बाजू, बिजागरी, स्क्रूचें डोकें व पायांचे सांधे येथें डाग प्रथम दिसतात. शेगडी छताखालीं ठेवूं नये असा याचा अर्थ नव्हे. जी छताखालीं असेल ती अधिक वेळां धुवावी, एवढाच बोध घ्यावयाचा.

मिठाखेरीज उलव्यांत दुसरा एक शत्रु आहे, तो म्हणजे बांधकाम. नव्या वस्तींत कोठें ना कोठें सळया कापल्या जातात, वेल्डिंग चालतें, खिडक्यांच्या जाळ्या घांसल्या जातात. लोखंडाचे बारीक कण उडून स्टीलवर बसतात आणि पहिल्याच दंवांत गंजतात. मग शेगडीवर तांबडे ठिपके उमटतात. हा गंज पुष्कळदां शेगडीचा नसतो, परक्या लोखंडाचा असतो; परंतु तो तेथें राहिला तर त्याच्याखालचा पापुद्राही बिघडतो. घरांत लोखंडी तारेच्या घासणीनें स्टील घांसणें म्हणजे हेच कण आपल्या हातानें आणून रुजविणें होय.

शेगडी विकत घेतांना धातूची जात विचारावी. सर्व स्टेनलेस स्टील एक नव्हे. ३०४ या क्रमांकाच्या स्टीलमध्यें शेंकडा सुमारें १८ क्रोमियम व ८ निकेल असतें. ३१६ क्रमांकांत त्याशिवाय दोनतीन टक्के मॉलिब्डेनम असतें, व तें क्लोराइडला अधिक दाद देत नाहीं. म्हणून समुद्रकांठीं तें उत्तम, पण महाग. ४३० मध्यें निकेल जवळजवळ नसतें. त्याला लोहचुंबक चिकटतो आणि खाऱ्या हवेंत तें लवकर डागाळतें. २०० च्या मालिकेंतील स्टीलमध्यें पुष्कळसें निकेल वांचवून मँगनीज घातलेलें असतें. तें स्वस्त असल्यानें भांड्यांसाठीं बरेंच वापरतात, पण खाडीकांठीं तें ३०४ ची बरोबरी करीत नाहीं. लोहचुंबकाची परीक्षा लोक करतात ती अपुरी आहे. चुंबक चिकटला नाहीं म्हणजे स्टील ३०४ आहे असें ठरत नाहीं, कारण २०० च्या मालिकेलाही तो बहुधा चिकटत नाहीं. पावतीवर क्रमांक लिहून घेणें हाच खरा उपाय. कांहीं शेगड्यांचें झांकण ३०४ चें व आंतील भाग हलक्या जातीचे असतात. तेव्हां जाळी, बर्नर व स्क्रू कशाचे आहेत हेंही विचारावें.

आतां प्रत्यक्ष निगेकडे येऊं. भाजणें आटोपल्यावर शेगडी पांच-दहा मिनिटें झांकण लावून तापूं द्यावी, म्हणजे जाळीला चिकटलेले अन्नाचे कण सुकून सुटतात. मग आंच बंद करून, जाळी कोमट असतां ती घांसावी. कोंकणांत घावनाच्या बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलांत बुडवून फिरवितात. तीच युक्ति येथें कामास येते. कांट्यास खोंचलेला अर्धा कांदा कोमट जाळीवरून फिरविला म्हणजे पुष्कळसें चिकट निघून जातें. उरलेल्यासाठीं लाकडी पट्टी किंवा ओला काथ्या घ्यावा. काथ्यांत लोखंड नाहीं, तो स्टीलला ओरखडे पाडीत नाहीं आणि आपल्याकडे तो मुबलक आहे.

तारेच्या ब्रशाविषयीं एक गंभीर इशारा द्यावयाचा आहे. त्याची तार तुटून जाळीवर राहते, अन्नांत मिसळते व गिळली जाते. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांतील एका रुग्णालयांत २०११ व २०१२ या दोन सालांत असे सहा रोगी आले होते. कोणाच्या घशांत, कोणाच्या आंतड्यांत तार रुतली होती. तेथील सरकारी रोगप्रतिबंधक संस्थेनें तो वृत्तांत २०१२ सालीं प्रसिद्ध केला. एक ब्रश वांचविण्यासाठीं हा धोका पत्करूं नये. जुना ब्रश घरांत असेल तर तो टाकून द्यावा, आणि तोंवर वापरल्यास जाळी ओल्या फडक्यानें पुसून व नीट पाहूनच अन्न ठेवावें.

कोळशाची शेगडी असेल तर राख कधींही आंत ठेवूं नये. ती पूर्ण थंड झाल्याची खात्री करावी. वरून करडी दिसणारी राख आंतून दुसऱ्या दिवसापर्यंत निखारे बाळगूं शकते. मग ती धातूच्या डब्यांत काढावी. राखेंत क्षार असतात. त्या दमट हवेंत ओल धरतात व तळाला आंतून खातात. शेगडीचा तळ प्रथम जातो तो बहुधा ज्वालेनें नव्हे, ओल्या राखेनें. भाजण्यापूर्वीं माशाला व कोंबडीला आपण मीठ, लिंबू, दहीं चोळतों. त्याचे थेंब तबकडींत व जाळीवर पडतात. म्हणजे समुद्रानें न आणलेलें मीठ आपणच आणतों. तबकडी प्रत्येक वेळीं रिकामी करावी; तिच्यांत सांठलेली चरबी पुढच्या वेळीं भडकते, व शेगडीला लागणाऱ्या आगींचें तें एक नेहमींचें कारण आहे.

बाहेरील अंगाची धुलाई अगदीं सोपी आहे. कोमट पाण्यांत भांडीं घासण्याचा सौम्य साबण मिसळून मऊ फडक्यानें सर्व अंग पुसावें. स्टीलवर पॉलिशाच्या बारीक रेषा असतात. हात त्या रेषांच्या दिशेनेंच चालवावा, आडवा नव्हे, नाहींतर ओरखड्यांत मळ व मीठ अडकून बसतें. नंतर गोड्या पाण्यानें खळखळून धुवावें आणि कोरड्या फडक्यानें लगेच पुसावें. धुऊन वाळण्यास तसेंच सोडलें तर पाण्यांतील क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें मागें राहतात. बोअरच्या जड पाण्यानें तर हे ठिपके फारच पडतात. शेगडी वापरली नाहीं तरी कोरड्या दिवसांत दर पंधरा दिवसांनीं हें स्नान तिला घालावें. लोक मळ दिसला म्हणजे धुतात. पण मीठ दिसत नाहीं. म्हणून येथें डोळ्यांवर नव्हे, दिनदर्शिकेवर भरंवसा ठेवावा.

चहाच्या रंगाचे डाग पडलेच तर घाबरूं नये. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून त्याचा लेप लावावा व रेषांच्या दिशेनें हलक्या हातानें चोळावें. तेवढ्यानें न गेल्यास एक लिटर कोमट पाण्यांत दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून तें फडक्यानें लावावें, पंधरावीस मिनिटें ओलें ठेवावें व मग भरपूर पाण्यानें धुवावें. लिंबूसत्त्व पृष्ठभागावर बसलेला परका गंज विरघळवितें व क्रोमियमला हात लावीत नाहीं. कारखान्यांतही नवें स्टील निर्मळ करण्यासाठीं त्याचा उपयोग होतो. धुतल्यावर एकदोन दिवस शेगडी उघडी व कोरडी ठेवावी, म्हणजे कल्हईला जुळून येण्यास अवसर मिळतो. बर्नरजवळ जे सोनेरी-निळे रंग दिसतात ते मात्र मळ नव्हेत. तापल्यामुळें पापुद्रा जाड झाल्याचे ते रंग आहेत. ते काढण्यासाठीं कासावीस होऊन घांसत बसण्याचें कारण नाहीं.

काय वापरूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. कपड्यांचें ब्लीच व फरशी धुण्याचें मुरियाटिक ॲसिड या दोन्हींत क्लोरीनचा अंश असतो. समुद्र वर्षभरांत करील तें नुकसान तीं एका दुपारींत करतात. गच्चीची फरशी अशा ॲसिडनें धुवावयाची असेल तर शेगडी आधीं दूर न्यावी, कारण त्याची वाफही पुरते. आणि ब्लीच कोणत्याही आम्लाशीं, लिंबूसत्त्वाशींसुद्धां, कधींही मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु सुटतो. स्टीलच्या चकाकीसाठीं विटेची भुकटी किंवा वाळू वापरण्याचा मोहही टाळावा.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यांतच करावी. शेगडी पूर्ण उकलून जाळ्या, तबकडी व बर्नर धुवावे, कडकडीत उन्हांत वाळवावे. जाळी बिडाची असेल तर तिला तेलाचा पातळ हात द्यावा. बिडाला स्वतःची कल्हई नाहीं. मग शेगडी भिंतीपासून व जमिनीपासून थोडी सुटी ठेवून वरून कापडी, हवा खेळेल असें आच्छादन घालावें. येथें बहुतेकांची फसगत होते. मळकट शेगडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला म्हणजे ती सुरक्षित झाली असें वाटतें. वस्तुतः मीठ, चरबी व बाष्प यांना आपण एकत्र कोंडतों आणि हवा तेवढी बाहेर ठेवतों. अशा कागदाखालीं काढलेले चार महिने उघड्यावर काढलेल्या चार महिन्यांहून वाईट ठरतात. प्लास्टिकच वापरावें लागलें तर उघडीप मिळेल तेव्हां तें काढून शेगडी वाऱ्यावर ठेवावी.

गॅसची शेगडी असेल तर दोन गोष्टी अधिक. बर्नरचीं छिद्रें चरबीनें किंवा गंजानें बुजतात, आणि बंद राहिलेल्या नळींत कोळी जाळें विणतो; मग गॅस पुढें न जातां मागें फिरून भलत्या ठिकाणीं पेटतो. पावसाळ्यानंतर प्रथम पेटविण्यापूर्वीं छिद्रें लाकडी काडीनें मोकळीं करावीं. रबरी नळीच्या जोडांवर साबणाचें पाणी लावून नळ उघडावा; बुडबुडे आले तर गॅस गळतो असें समजावें व तो बंद करावा. नळी चिरलेली वा कडक झालेली दिसल्यास ती त्वरित बदलावी. पेटवितांना झांकण नेहमीं उघडें असावें. आणि कोळशाची शेगडी कांचा लावून बंद केलेल्या सज्जांत कधींही पेटवूं नये, विझत आलेली आंत आणूं नये. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, आणि तो झोपेंतच माणसाचा प्राण घेतो. उंच इमारतींतील रहिवाशांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

श्रोतेहो, सांगण्याचें तात्पर्य थोडक्यांत असें. स्टेनलेस स्टीलला गंजत नाहीं म्हणून धुवावयाचें नाहीं, हा समज उलटा आहे. तें धुतलें जातें म्हणून गंजत नाहीं. महागडें रसायन, विशेष साधन, मोठे श्रम यांतलें कांहींच त्याला लागत नाहीं. गोडें पाणी, मऊ फडकें, थोडा साबण व ठरलेला दिवस एवढें पुरतें. ज्यांच्या गच्चीवर शेगडी आहे त्यांनीं आज तिच्या झांकणाच्या आंतल्या कडेवरून एकदां बोट फिरवून पाहावें. बोट चिकट किंवा खरखरीत लागलें तर तेथें खाडी येऊन बसली आहे असें समजावें, आणि पुढच्या रविवारची वाट न पाहतां एक बादली पाणी घ्यावें.